आधी वारा की आधी हळद

वाऱ्यासाठी देव पाण्यात घालून बसलेली नवरी काटवली गावाने याआधी पाहिलेली नव्हती. नवऱ्या उपासाला बसतात, ब्युटी पार्लरमध्ये बसतात, वेळ पडली तर रुसूनही बसतात. हिरामणशेठची मृणाली मात्र तीन दिवस ओटीच्या पायरीवर ठाण मांडून होती आणि दर पाच मिनिटांनी मान वर करून मांडवाच्या छताकडे बघत होती. छताचं कापड जरासं फुगलं की ती ताडकन उठायची. कापड खाली बसलं की तीही बसायची.

मांडववाल्या रघूचा जीव त्यामुळे टांगणीला लागला होता. त्याने गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी मांडव घातला होता आणि त्याला वारा बिलकूल नको होता. मृणाली वारा यावा म्हणून हात जोडायची, तर रघू चार खांबांपलीकडे उभा राहून तो येऊ नये म्हणून जोडायचा. एकाच छताखालून दोन उलट्या मागण्या जात होत्या. देवाची पंचाईत झाली असणार, कारण तीन दिवस त्याने धड काहीच केलं नव्हतं. वारा पडलेला होता तो पडलेलाच होता.

हे खूळ मृणालीच्या डोक्यात शिरलं ते मुंबईच्या एका शिडाच्या होड्यांच्या क्लबात. दोन वर्षं दर रविवारी ती तिथे शिकायला जायची. त्या क्लबाच्या भिंतीवर एक यादी लावलेली होती. स्वतःच्या हाताने बांधलेली छोटी शिडाची होडी पाचशे मीटर अंतर सरासरी वीस नॉटच्या वर पळवली, की त्या यादीत नाव लागायचं. वीस नॉट म्हणजे ताशी सदतीस किलोमीटर. हे ऐकून तिचा चुलतभाऊ भाविक म्हणाला होता की त्याची स्कूटर तर साठने जाते, तिचं नाव कुठे लागेल? मृणालीने त्याला होडीत बसवून फक्त बारा नॉटने फिरवून आणलं. उतरल्यावर तो घाटाची पायरी धरून बसला आणि त्या दिवसापासून तो तिच्या बाजूचा झाला.

यादीत अकरा नावं होती आणि प्रत्येक नावापुढे पाण्याचं नाव होतं. कुठलं बंदर, कुठला तलाव, कुठलं धरण. मृणालीच्या मनात भरलं होतं ते हे पाण्याचं नाव. बारावी ओळ आपली आणि त्या ओळीत लिहिलेलं असणार, चिकणखार.

चिकणखार म्हणजे त्यांचं जुनं मिठागर. मीठ पिकायचं बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती. उरला होता फक्त मातीचा लांब बांध आणि त्याला चिकटून जाणारा, पट्टीने आखल्यासारखा सरळ पाण्याचा चर. शिडाची होडी वेगाने पळवायची तर वारा सणसणीत हवा आणि पाणी मात्र इस्त्री केल्यासारखं सपाट हवं. आता वारा आला की लाटा येणारच. म्हणून या खेळातले लोक जगभर असलं पाणी धुंडाळत फिरतात, जिथे वारा एखाद्या बांधावरून खाली उतरतो आणि बांधाच्या आडोशाला पाण्यावर सुरकुतीसुद्धा पडत नाही. मृणालीला ते स्वतःच्या घरामागे सापडलं होतं. तिच्या आज्याने त्याच बांधावर बसून आयुष्यभर बिड्या ओढल्या, पण इथे होडी पळवावी असं त्या बापड्याला कधी सुचलं नाही.

आणि आता ते पाणी जाणार होतं. हिरामणशेठनी चिकणखार गोडाऊनसाठी देऊन टाकला होता. त्यांची राहनाळला आधीच चार गोडाऊनं होती, पाचवं इथे होणार होतं. उद्या लग्न, आणि सोमवारी भरावाचे डंपर. डंपरसाठी रस्तासुद्धा करून झाला होता. कागदावर सही केली त्या दिवसापासून हिरामणशेठ बांधावर फिरकले नव्हते. कामं फार आहेत म्हणायचे. मृणालीही वडिलांशी भांडली नव्हती. तिने फक्त एवढंच ठरवलं होतं की पाणी जायच्या आधी त्याचं नाव लिहून घ्यायचं.

हे ठरवणं सोपं होतं, पण चरात पाणी भरायला उधाण लागायचं. अमावास्येनंतरचे तीन-चार दिवस, तेही भरतीच्या माथ्यावर दीड तास. एरवी चरात नुसता चिखल. द्वितीयेला पाणी भरलं ते दुपारी अडीचला, तेव्हा वाऱ्याचा पत्ता नव्हता. तृतीयेला सव्वातीनला भरलं, तेव्हा दोनदा मांडवाचं छत फुगलं आणि दोन्ही वेळा तो वारा नसून रघूचा माणूस वर चढलेला निघाला. राहिली चतुर्थी. चतुर्थीला पाणी चारला भरणार होतं आणि खाडीवरचा वारा तीननंतरच उठतो, म्हणजे सगळं छान जुळत होतं. फक्त चतुर्थीला हळद होती.

होडी तयार होऊन दीड महिना झाला होता. राहनाळच्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये, एक भाडेकरू गेला आणि दुसरा यायचा होता तेवढ्या अवधीत, दोघा भावंडांनी ती बांधली. दोन निमुळते फायबरचे तराफे, मधे पाइपांची चौकट, त्यावर ताणलेली जाळी आणि उंच डोलकाठी. शिडाचं कापड निजामपुऱ्यातल्या एका लूमवाल्या चाचांनी खास विणून दिलं होतं. चाचांनी कापड हातात देताना सांगितलं होतं, "बेटी, इसमें से हवा पार नहीं होगी, ये मेरी गारंटी. तुम कहाँ जाके गिरोगी, उसकी नहीं."

क्लबाकडून वेळ मोजायला मेघाली नावाची बाई आली होती. उन्हाने रापलेली, मोठी टोपी घालणारी, शांत स्वभावाची. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की या खेळात पळणं कमी आणि वाट बघणंच जास्त. तिने एकदा कुठल्याशा वाळवंटी किनाऱ्यावर तंबू ठोकून एकवीस दिवस वाट बघितली होती आणि बाविसाव्या दिवशी खेळाडूला ताप आला होता. काटवलीत मात्र तिची वाट बघण्याची सोय चांगली होती. लग्नघर असल्यामुळे सकाळी तांदळाची भाकरी आणि जवळा, दुपारी कोलंबी, संध्याकाळी मटण आणि वडे, आणि मधल्या वेळात कुणी ना कुणी ताट घेऊन यायचंच. तिसऱ्या दिवशी मेघालीने पँटचं बटण सैल केलं आणि वारा आणखी दोन दिवस नाही आला तरी तिची हरकत नाही असं ती बोलून गेली. मृणालीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने पुढचा वडा परत ठेवला.

आता हळदीचं गणित असं होतं. आधी हळद लागते नवऱ्या मुलाला. मग उरलेली, उष्टी हळद ताटात घालून त्याच्याकडच्या बाया वाजतगाजत नवरीकडे आणतात. ती अंगाला लागली की नवरीने लग्न लागेपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. मृणालीने सकाळीच धवलारीण राहीबाईला गाठलं. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणीचा शब्द शेवटचा. भटजीने मुहूर्त काढला तरी तो पाळायचा की नाही हे तिच्या तोंडाकडे बघून ठरतं. आपण मोकळं असायचं ते नेमकं कधीपर्यंत, असं मृणालीने विचारलं.

राहीबाईने तंबाखूची गोळी गालात सरकवली आणि विचार करून निकाल दिला. "हळद आपल्या शिवेत आली का तू पाटावर पायजेस. शिवेत यायच्या आधी तू मोकली. मंग आभालात जा न्हायतर पान्यात जा."

नवरा मुलगा देवेश पलीकडच्या शेलवे गावचा. चिकणखारचा चर काटवलीच्या उघाडीपासून, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापासून निघायचा आणि थेट शेलव्याच्या शिवेत घुसायचा. मृणालीच्या पाचशे मीटरमधले चारशे वीस काटवलीचे होते आणि ऐंशी सासरचे. शिवेवर एक लाकडी खांब होता, त्याच्या अलीकडे माहेर, पलीकडे सासर.

तिने देवेशला फोन करून हळद जरा लांबवायला सांगितलं. देवेश गुणी मुलगा. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात असल्यामुळे उशीर कसा करायचा आणि तो दुसऱ्याच्या माथी कसा मारायचा, याची त्याला चांगली सवय होती. दोनच्या हळदीला तो पावणेदोनला अंघोळीला गेला आणि तीनपर्यंत बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा दाढी राहिली म्हणाला. न्हाव्याला त्यानेच सकाळी दिघाशीला मावशीकडे पाठवून दिलं होतं. हे सगळं त्याने आईपासून लपवून केलं, आणि तिथेच घोळ झाला. आईला खरं सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण होणाऱ्या बायकोसाठी आईशी खोटं बोलणारा मुलगा लग्नाच्या आदल्या दिवशी फार खुशीत असतो.

साडेतीनला देवेशच्या ताईने त्याला दंडाला धरून पाटावर बसवला. सव्वाचारला त्याचा मेसेज आला: हळद निघाली, सॉरी, आई ऐकत नाही.

चर काठोकाठ भरला होता, पावणेपाचपर्यंत पाणी टिकणार होतं, फार तर पाच. होडी उघाडीपाशी शीड फडफडवत उभी होती, पण फडफड अगदीच मरगळलेली होती. शेलव्याहून गाडीने वीस मिनिटं. मृणाली पायरीवर बसली आणि तिला रडू यायला लागलं. तेवढ्यात डोक्यावर काहीतरी फडाडलं.

मांडवाचं छत फुगलं होतं. नुसतं फुगलं नव्हतं तर दोऱ्या ताणून वर उठलं होतं, आणि मधल्या झुंबराने एक गिरकी घेतली. रघू "अरे धरा, धरा" करत एका खांबाला मिठी मारून उभा राहिला. यावेळी छतावर कुणी माणूस नव्हता. मृणालीने चपला तिथेच टाकल्या आणि ती धावत सुटली. मागून भाविक, त्याच्या मागून तोंड पुसत मेघाली, आणि का धावायचं ते माहीत नसताना अख्खी बेंजो पार्टी.

बांधावर वारा मोजायची भिंगरी धरून मेघाली ओरडली, "सतरा. अठरा. एकोणीस." तेवढ्यात भाविकच्या फोनवर दुसरी बातमी आली. राहनाळच्या नाक्यावर कंटेनर आडवा झाला होता आणि दोन्हीकडून गाड्या तुंबल्या होत्या. हळद त्यात अडकली असणार. भाविकने त्या अनोळखी ड्रायव्हरला उदंड आयुष्य चिंतलं.

पहिल्या धावेला मृणाली जाळीच्या कडेला बसली. शीड ओढून घेतलं तशी होडी एकदम पुढे झेपावली, वाऱ्याकडचा तराफा पाण्याबाहेर आला आणि बांध शेजारून सर्रकन मागे जायला लागला. पाण्याचा आवाज आधी खळखळ होता, मग नुसता फाडल्यासारखा झाला. तिला मोठ्याने हसू फुटलं. आपण हसतोय हे तिला शेलव्याच्या टोकाला थांबल्यावर कळलं. होडीवरच्या जीपीएसच्या डबीने एकोणपन्नास पूर्णांक सहा सेकंद दाखवले. वीस नॉटला अठ्ठेचाळीस पूर्णांक सहाच्या आत यायला हवं होतं. एका सेकंदाने हुकलं होतं.

वाऱ्याच्या उलट नागमोडी जात परत उघाडीपाशी यायला दहा मिनिटं गेली. तोवर बांधावर जत्रा भरली होती. मांडवातली सगळी माणसं उठून आली होती, राहीबाईसाठी खुर्ची आणली होती, आणि बेंजोवाल्यांनी आपणहून सूर धरला होता. फक्त हिरामणशेठ नव्हते. पाणी चरात हातभर उतरलं होतं.

दुसऱ्या धावेला तिने जीव मुठीत घेतला आणि शीड शेवटच्या बोटापर्यंत ताणलं. दोनशे मीटर, तीनशे मीटर, सगळं असं जमून आलं होतं की तिला डबीकडे न बघताच कळत होतं, हीच ती धाव. आणि मग समोर शिवेच्या खांबाच्या अलीकडे, ऐन चराच्या मधोमध, झेंडूच्या माळा लावलेली एक होडी दिसली. मच्छीमारीची यांत्रिक होडी, त्यात पंधरा बाया, पुढे टोकाला उभी तुळजाबाई, तिची होणारी सासू. तुळजाबाईच्या हातात ताट होतं आणि ताटात हळद.

तुळजाबाईने काही वाईट केलं नव्हतं. रस्ता तुंबलाय कळल्यावर तिने गाडी मागे फिरवली, भावाला होडी काढायला लावली आणि आमच्या सासवांच्या वक्ताला वऱ्हाडं पाण्यानंच जायची असं सांगून उधाणाच्या पाण्यावरून थेट चरात घुसली. पोरगी बिचारी नटूनथटून हळदीची वाट बघत ताटकळली असेल, या काळजीने तिने इंजिन पुरतं तापवलं होतं.

मृणालीने शीड सोडून दिलं. होडी घसरत, फिरत, तोंडावर पाणी उडवत थांबली ती वऱ्हाडाच्या होडीपासून दोन हातांवर. बाया किंचाळल्या, इंजिन बंद पडलं, बांधावरची बेंजो गप्प झाली. हाफ पँट आणि लाइफ जॅकेट घातलेली, चिखलाने बरबटलेली नवरी आणि नऊवारीतली सासू एकमेकींकडे बघत राहिल्या. हळद काटवलीच्या शिवेत आलेली होती. खांब होडीच्या मागे पाच हातांवर होता आणि राहीबाई बांधावरून सगळं बघत होती.

मृणालीने सगळं भडाभडा सांगून टाकलं. यादी, वीस नॉट, सोमवारचे डंपर, देवेशची अंघोळ, न्हावी, एका सेकंदाने हुकलेलं, आणि आता पाणी उतरतंय. सांगता सांगता तिला रडू फुटलं. सासूपुढे पहिल्यांदाच आणि तेही असल्या अवतारात आपण रडतोय म्हणून तिला आणखी रडू आलं. होडीतल्या बाया कुजबुजायला लागल्या. हळदीच्या आधी नवरीचं हे दर्शन काही बरं नव्हे, असं त्यांचं मत दिसत होतं.

तुळजाबाईने उतरणाऱ्या पाण्याकडे बघितलं. मग बांधाकडे, मग मृणालीच्या होडीकडे. तिने दोनच गोष्टी विचारल्या. एक म्हणजे हे सगळं करायला किती वेळ लागतो. मृणाली म्हणाली, एक मिनिटसुद्धा नाही. दुसरं, पाणी गेल्यावर परत कधी जमेल. मृणाली म्हणाली, इथे कधीच नाही.

तुळजाबाईने मागे वळून भावाला हाक मारली. "होरी मागं घे. खांबाच्या पल्याड, तिवरांना चिकटून उबी कर." एका बाईने हळद मागे नेणं अशुभ म्हणून तोंड उघडलं, तर तिला तुळजाबाईने पुरं बोलूच दिलं नाही. "मी शीव वलांडली न्हाय. जवर मी शीव वलांडत न्हाय तवर हळद निघालीय, पोचली न्हाय. इचारा राहीबायला."

सगळ्यांनी राहीबाईकडे बघितलं. राहीबाईने खुर्ची मुद्दाम खाडीकडे पाठ करून फिरवली आणि म्हणाली की तिला उन्हामुळे तसंही काही दिसलेलं नाही.

मृणाली परत उघाडीपाशी पोचली तेव्हा पाच वाजायला आले होते आणि चराच्या कडेचा चिखल उघडा पडायला लागला होता. पाणी जेमतेम मधल्या पट्ट्यात उरलं होतं. वारा मात्र बहकला होता. भाविकने होडी ढकलताना भिंगरी बावीस दाखवतेय एवढंच सांगितलं. तिकडे गावात रघूच्या मांडवाचा एक पडदा सुटून नारळाच्या झाडाला जाऊन लटकला होता. ते नंतर कळलं.

तिसऱ्या धावेचं मृणालीला फारसं आठवत नाही. शीड ओढलं आणि होडीने पाणी सोडल्यासारखं वाटलं. बांधावर माणसं एकमेकांत मिसळून एक रंगीत पट्टा झाली. तराफ्याची कड चिखलाला घासता घासता वाचली. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, हसून पोट दुखत होतं. खांब आला आणि गेला. सासरच्या शिवेत ती ज्या वेगाने शिरली त्या वेगाने शेलव्यात आजवर कुणी सून आलेली नाही. तिवरांना चिकटलेल्या होडीतून पंधरा बाया एकसुरात ओरडल्या, त्यांच्या अंगावर खाऱ्या पाण्याचा फवारा गेला, आणि तुळजाबाईने ताटावर पदर धरला. मग पाचशे मीटर संपले, पाणीही संपलं, आणि होडी सपकन चिखलात घुसून उभी राहिली. मृणाली जाळीवर उताणी पडून आकाशाकडे बघत हसत होती.

मेघाली बांधावरून धावत आली, चिखलात उतरली, एक बूट तिथेच सोडून होडीपाशी पोचली आणि तिने डबी काढून बघितली. दोनदा बघितली. सत्तेचाळीस पूर्णांक नऊ सेकंद. वीस पूर्णांक तीन नॉट. एकवीस दिवस वाळवंटात शांत बसलेल्या त्या बाईने भाविकच्या गळ्यात पडून अशी काही आरोळी ठोकली की तिवरांतले बगळे उडाले.

मग ती एका पायात बूट घालून बांधावर बसली आणि मांडीवर फॉर्म ठेवून लिहायला लागली. वेळ, वारा, होडी. पाण्याचं नाव? कुणी म्हणालं भिवंडी लिहा, बाहेरच्यांना कळेल. कुणी काटवली म्हणालं, तर शेलव्याच्या बायांनी ऐंशी मीटर आमचे आहेत म्हणून आवाज चढवला. त्या गलक्यात गर्दी बाजूला झाली आणि हिरामणशेठ पुढे आले. पांढऱ्या कडक कपड्यांना गुडघ्यापर्यंत चिखल लागला होता. कधी आले, कुठून बघत होते, कुणाला ठाऊक नव्हतं.

"चिकनखार लिवा," ते म्हणाले. मेघालीने लिहिलं. त्यांनी वाकून ते वाचलं, मधलं न पुसून ण करायला लावलं, आणि पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितलं. तिने वाचलं. हिरामणशेठनी मान हलवली. चराकडे बघायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही, ते लेकीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मृणालीला तेव्हा कळलं की त्यांना सही केल्याचं वाईट वाटत होतं आणि ते तिला कधीच सांगू शकले नसते.

एवढ्यात तुळजाबाई चिखल तुडवत आली. हळद सुकतेय, कागद पुरे झाले, आता नवरीच्या घरी चला असा तिचा हुकूम होता. भावाने इंजिन सुरू केलं, पण ती त्या होडीकडे गेलीच नाही. ताट सांभाळत ती सरळ मृणालीच्या जाळीवर चढून बसली. जन्म खाडीच्या काठाला गेला पण शिडाच्या होडीत बसले ते शेवटचं माहेरी असताना, असं तिचं म्हणणं. मृणालीने घाबरून सांगितलं की ही होडी कलंडते, हळद सांडेल.

"सांडली त तुज्याच अंगावर सांडंल," तुळजाबाई म्हणाली. "दुसरीच्या कुटं?"

भाविक आणि आणखी चौघांनी होडी ढकलून मधल्या पाण्यात नेली. उलट्या वाऱ्यावर नागमोडी जायचं होतं, दोघींचं वजन, शिवाय उतरतं पाणी, त्यामुळे होडी रमतगमत निघाली. बांधावरून बेंजो बरोबरीने चालली होती आणि राहीबाईने खुर्ची पुन्हा फिरवून घेऊन धवला धरला होता. शिवेचा खांब ओलांडून माहेरच्या पाण्यात आल्या, मृणालीने होडी वळवली, आणि त्याच क्षणी वाऱ्याचा झोत बांधावरून उतरला. एक तराफा उचलला गेला. ताट उडालं. हळद मृणालीच्या तोंडावर, केसांत, लाइफ जॅकेटवर, आणि उरलेली तुळजाबाईच्या नव्या नऊवारीवर. होडी सरळ झाली तेव्हा दोघी डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्या होत्या. बांधावर कुणीतरी जीभ चावली. मृणालीने भीतभीत सासूकडे पाहिलं.

तुळजाबाई एका हाताने दोरी धरून हसत होती. इतकी हसत होती की तिला धड बोलता येत नव्हतं. डोळे पुसून तिने मागे शेलव्याकडे जाणाऱ्या त्या सरळ, सपाट, आटत चाललेल्या पाण्याकडे बघितलं.

"फिरव," ती म्हणाली. "तसं पलव, मगाशी पललीस तसं."

हळद लागलीय, आता शीव ओलांडायची नाही, असं मृणालीने तिला आठवण करून दिली.

"शीव मी बगते," तुळजाबाई म्हणाली. "पानी हाय तवर फिरव तू."

मृणालीने होडी फिरवली.